भिंतीच्या बाजूनं झिजलेलं पितळ

मंगळवार, ३ नोव्हेंबर १९२५

पोचलो बुवा एकदाचा! पौडापर्यंत मोटार, पुढं बैलगाडी; अंग नुसतं खिळखिळं झालं. माले गावाच्या पुढं धरणाचं काम चाललंय, तिथं आजपासून मी वीजमेस्त्री. पुण्यात नाटकगृहातले दिवे सांभाळून विटलो होतो. कंत्राटदारानं भाड्याचं घर बघून दिलंय, आणि घर तरी काय! दोन खोल्या, पडवी, मंगळुरी कौलं, बांधून पुरतं वर्ष झालेलं नाही. कामावरच्या इंजिनाची वीज थेट घरात, आणि भिंतींना प्लग खोचायच्या चार-चार जागा! पुण्यात भल्याभल्यांच्या घरी एक दिवा लोंबतो, तर केवढी मिरवामिरव.

घरमालक गेणबा. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात जायचंय म्हणून चढावर हे घर बांधलं; पण स्वतः राहतात पलीकडच्या गोठ्यात. त्यांनी एवढंच सांगितलं, मेस्त्री, दिवेलागणीला घर अंधारात ठिवू नका. हात्तिच्या, विजेच्या माणसाला हे सांगायला हवं?

पंधरा तारखेला, रविवारी, ही आणि चिमी येणार. चिमी नऊ महिन्यांची, रांगती, दिसेल तिथं बोट घालणार. त्याआधी घर ठाकठीक करायचं.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

नवं घर म्हणून नाचलो आणि तोंडावर आपटलो. चारही जागा सैल! प्लग बसायच्या चिनी मातीच्या गोल बसक्या, आत पितळेच्या दोन-दोन नळ्या. प्लग घातला की मान टाकतो, ठिणगी उडते, भोकाभोवती काळं झालंय. टेबलावरचा दिवा लावायला प्लगखाली पुस्तक टेकवावं लागलं. इतकी झीज व्हायला दहा वर्षं रोज काढघाल करायला हवी. कुणी केली असेल, देव जाणे. भांडारातून नव्या नळ्या मागून आणल्या आणि चारही ठिकाणी बसवल्या. आता प्लग काढायला जोर लागतो. चिमीच्या बापाचं काम आहे म्हटलं.

शनिवार, ७ नोव्हेंबर

इथं बोलायला माणूस नाही. कामावर सगळे ओरडून बोलतात, ते काही बोलणं नव्हे. संध्याकाळी परतलो की चढावर मी एकटा, खाली रिकामी होत चाललेली घरं. काल आमटीला मीठ कमी पडलं, तर ते मी मोठ्यानं भिंतीला सांगितलं. हसू आलं आणि मग रडूही आलं, खोटं कशाला लिहू?

सकाळी बानूबाई धनगरीण शेळीचं दूध देते. तांब्या पायरीखाली ठेवते, वर येत नाही. आज चहा देऊ केला, तर म्हणाली, नगं दादा, घरात बाई हायेत. म्हटलं, अगं, ती पुढच्या रविवारी यायचीय! ती शेळ्या हाकत निघून गेली.

सोमवार, ९ नोव्हेंबर

नव्या नळ्या सैल. चार दिवसांत!

आज बसक्या उघडून नीट पाहिल्या. प्लगनं झीज झाली तर ती तोंडाशी होते, पोरसवदा शिकाऊ उमेदवारालाही हे कळतं. इथं तोंड कोरं करकरीत आहे. पितळ झिजलंय ते मागून, भिंतीच्या बाजूनं. चारही ठिकाणी तसंच. जणू कुणी मागून बोट घालून चाचपत होतं.

उंदीर असतील. भिंतीत बीळ असणार. पावलं उमटावीत म्हणून बसकीखाली जमिनीवर नाचणीचं पीठ पसरलंय.

खरं सांगू? घरात खसफस करणारं काहीतरी आहे म्हटल्यावर थोडी सोबतही वाटली.

मंगळवार, १० नोव्हेंबर

उंदीर नाहीत.

पिठात बाईमाणसाची पावलं. अरुंद, टाचेला भेग. भिंतीपासून खोलीकडे येणारी. परत जाणारं एकही नाही. दाराला कडी होती.

तसाच गेणबांकडे गेलो. त्यांनी पीठ हा शब्द ऐकला आणि ते खालीच बसले. मग सांगितलं ते असं. त्यांची बायको रंभाबाई आषाढात याच खोलीत गेली, तान्ही पोर मागं ठेवून. माणूस जातं तिथं दहा दिवस दिवा ठेवतात, खाली पीठ पसरतात. जीवाला वाट दिसावी म्हणून दिवा विझू द्यायचा नसतो. पावसात वारा लई, तेलाचा दिवा टिकंना. तेव्हाच्या मेस्त्रीनं सल्ला दिला, विजेचा दिवा ठेवा, वाऱ्याचा बाप आला तरी विझायचा नाही. गेणबांना त्याचा अभिमान वाटला. सगळं गाव बघायला आलं. तिसऱ्या दिवशी कामावरचं इंजिन बंद पडलं. दुसरा दिवा लावलेला नव्हता. इंजिन सुरू होईपर्यंत घर तासभर काळंकुट्ट.

पोरीला त्यांनी मामाकडं धाडलं. म्हणाले, ती भिंतीतनं दिवा धुंडतीया मेस्त्री, आन् आपली पोर बी. एवढा दांडगा माणूस, लहान मुलासारखा रडला. मला रागही आला. हे आधी सांगायला नको होतं?

बुधवार, ११ नोव्हेंबर

हिला पत्र लिहिलं. येऊ नकोस, चिमीला घेऊन तर मुळीच येऊ नकोस. पौडाला जाणाऱ्या गाडीवानाजवळ दिलं.

गेणबांनी समई आणली. खोलीच्या मधोमध तेलाचा दिवा लावला, खाली पीठ. ते हात जोडून म्हणाले, आता दहा दिस न्हाई इझू द्यायचा. वीस तारखेपर्यंत. विजेचा दिवा काढून फळीवर ठेवला.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

दुपारच्या सुट्टीत धावत येऊन तेल घातलं. ज्योत सरळ आहे. बसक्यांतून आवाज नाही. पिठात दोन पावलं — आज दिव्याकडे वळलेली. रंभाबाई, माझं काही वाकडं नाही तुमच्याशी. जा सुखानं. मोठ्यानं म्हणालो.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

तिसरा दिवस. दिवा चालू. पावलं दाराच्या दिशेनं — उंबरठ्यापासून हातभर अलीकडे. देवा, होतंय. होतंय बहुतेक.

शनिवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

कामावरून आलो तर पडवीत हिची चप्पल.

एक दिवस आधी आली. मला चकित करायचं म्हणून. पत्र मिळालंच नाही. बैलगाडी परत गेली.

दिवा विझवलाय हिनं. चिमी ज्योतीकडे रांगत गेली, हात भाजला असता — दुसरं काय करणार ती बिचारी? पीठ झाडून काढलं. जमीन सारवल्यासारखी स्वच्छ. आणि फळीवरचा विजेचा दिवा काढून टेबलावर लावला. म्हणते, अहो, प्लग काय घट्ट बसलाय हो, आपोआप ओढल्यासारखा.

ओढल्यासारखा.

त्याच संध्याकाळी

गाठोडं बांध म्हटलं, आत्ताच्या आत्ता गेणबांच्या गोठ्यात जायचं. ही चिडली. तरी चिमीचं दूध घ्यायला आत गेलीय.

समई पेटवली. वात धरत नाही. सहा काड्या झाल्या. तेल आहे, वात कोरडी आहे, तरी —

फ्यूज काढला. माझ्या खिशात आहे, हाताला लागतोय. आणि टेबलावरचा दिवा जळतोय.

चिमीला उचलायला उठलो — उठता येत नाही. पाय जागचे हलत नाहीत. तोंडातून आवाज नाही. हात तेवढा चालतोय.

हिला हाक मारता येत नाही — वाचशील तर आधी चिमीला —

चिमी भिंतीपाशी बसलीय. प्लगकडे नाही, त्याच्या वर बघतेय. माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं. हसतेय. दोन्ही हात वर केलेत, मला घे म्हणताना करते तसे.

रंभाबाई, ती तुमची नाही. पाया पडतो. तुमची पोर मामाकडं आहे, ती —

ही चुलीपाशी आहे. भांडं वाजतंय. मी इथं आहे. मग चिमीचे गुडघे जमिनीवरून वर कुणी —