एल्क नारिंगी नसतो

एल्म जंक्शन, विस्कॉन्सिन
ऑक्टोबरचा पहिला रविवार

तीर्थरूप ऑर्विलकाकांना लाईलचा आदराचा नमस्कार.

तुमचा नवा खुबा कसा आहे? डोलोरेसकाकू फोनवर म्हणाल्या की तुम्ही काठी वापरता, पण चालायला नव्हे, टीव्हीतल्या माणसांवर रोखायला. ऐकून बरं वाटलं. काकूंच्या गुडघ्यांची आणि ड्यूकच्या डोळ्यांची (खरं तर कुत्र्याची चौकशी आधी करायला हवी होती, घरात वयाने तोच मोठा) खुशाली कळवा. इकडे आम्ही ठीक. मार्सीचा खोकला गेला. माझी पाठ अजून माझ्याशी बोलत नाही; त्याचं कारण पुढे येईल.

बाबा गेल्यावर उन्हाळ्यात तुम्ही जे म्हणालात ते मी विसरलेलो नाही. यंदा नोव्हेंबरात, हरणांच्या हंगामाला, जंगलातली आपली झोपडी उघडायची नाही, असं तुम्ही ठरवलंत. "दोघांत शीप्सहेडचा डावसुद्धा मांडता येत नाही, लाईल. पत्त्याला तिसरा हात लागतो. राहू दे कुलूप." आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, "तू जा तुझ्या त्या एल्कमागे. आमची ही हरणं बघून कंटाळला असशील." मी कंटाळलो नव्हतो, काका. पण तुमचा आवाज त्या दिवशी असा होता की वाद घालवेना, आणि मोंटानाचा परवाना सोडतीत नेमका यंदाच लागला होता. तेव्हा म्हटलं जाऊन बघू. घोड्याएवढं ते जनावर आणि तो डोंगर पाहून त्या कुलपाचं काही वाटेनासं होतं का, ते तरी कळेल. कळलं. तेच सविस्तर लिहितो.

माझ्या आउटफिटरचं नाव टक बॅस्कम. हा माणूस घोडी, खेचरं, तंबू आणि रांधणारं माणूस पुरवतो, मोटाररस्ता संपतो तिथून दिवसभराच्या वाटेवर नेऊन ठेवतो आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणतो. त्याच्या माहितीपत्रकावर तंबूच्या दारात उभा असलेला एल्क छापला आहे, शिंगं अशी की आख्ख्या घराचे कपडे वाळत घालावेत, आणि शेजारी ताटलीत वाफाळता ॲपल पाय. (ॲपल पाय खरा निघाला, हे न्यायाने नोंदवतो. एल्कचं मात्र असं की चित्रातल्या सगळ्या झाडांच्या सावल्या डावीकडे पडल्या आहेत आणि त्याच्या एकट्याची उजवीकडे. हे मला परत आल्यावर भिंगातून दिसलं.) फोनवर मी टकला एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला होता, की आसपास दुसरा कुणी शिकारी असेल का. तिन्ही वेळा तो म्हणाला, "तुम्ही आणि देव."

तयारीत मी कसूर ठेवली नव्हती. बॉयलर दुरुस्त करायला मी ज्या पद्धतीने शिकलो, म्हणजे कुणालाही न विचारता, त्याच पद्धतीने एल्कची हाळी शिकलो. तोंडात रबराची चकती, ओठांना पोकळ नळी. आधी खालचा घुमारा, मग चढती शीळ, आणि शेवटी तीन हुंदके. हे सारं टेप लावून तळघरात, भट्टीशेजारी. (घुमाऱ्यासाठी भट्टीचं झाकण उघडं ठेवलं तर आवाज धुराड्यातून चांगला वर जातो. तो किती वर जातो हे शेजारच्या श्रीमती क्लुगे विचारायला आल्या तेव्हा समजलं. कुठलं जनावर विहिरीत पडलंय का, म्हणाल्या.) मार्सीने बायकोधर्म म्हणून वर्षभर सोसलं आणि एकदाच विचारलं, "तुझा हा एल्क बरा होणार आहे की नाही?"

वाटेच्या तोंडाशी मला भेटली जोलीन. माझ्याच वयाची, टकची खेचरं आणि चूल दोन्ही सांभाळणारी. गिऱ्हाइकांची नावं ती लक्षात ठेवत नाही, राज्यावरून हाक मारते. खेचराच्या दोन बाजूंच्या पेट्यांचं वजन पौंडाला पौंड सारखं लागतं, नाहीतर खोगीर फिरतं आणि जनावराची पाठ सोलते. म्हणून ती प्रत्येक पेटी काट्याला टांगून तोलते. माझी पेटी टांगली आणि काट्याने मान टाकली. त्यात मी बाबांचा बिडाचा तवा घेतला होता (तुम्ही ओळखता तो, कडेला टवका उडालेला), शिवाय पाने, पक्कड, धुराड्याच्या नळीचे दोन सुटे वाकडे जोड. जोलीनने काही काढायला लावलं नाही. दुसऱ्या पेटीत तिने ओढ्यातले धोंडे भरले.

"अहो विस्कॉन्सिन," ती म्हणाली, "तुमचं सामान हे खेचर नेईल. तुमच्या सामानासाठी धोंडेही हेच नेईल. वर गेल्यावर त्याची माफी मागा."

मागितली. तोवर माझ्या घोड्याने माझ्या पाठीचं जे केलं ते वर सूचित केलंच आहे.

डोंगर सुंदर आहे, काका, तिथे खोट काढणार नाही. पण सगळं फार मोठं आहे. समोरचा उतार पाहावा तर तो पुढच्या काउंटीपर्यंत पोचेल इतका लांब, आणि त्यावर आपण कुठे बसायचं हे सांगायला कुणी नाही. मला आपलं ते ओकच्या खोडाजवळचं ठिकाण आठवे, जिथे बाबांनी मला पहिल्यांदा बसवलं आणि म्हणाले, "हाका मारायच्या नाहीत. त्याच्या वाटेत गप्प बसायचं." तंबूतली पत्र्याची शेगडी चुकीच्या कोनात बसवलेली होती. मी ती उतरवून नीट बसवली. त्यानंतर तंबूत धूर होऊ लागला, तो वाऱ्यामुळे. जोलीन बाहेर उभी राहून डोळे पुशीत म्हणाली की ही शेगडी आजवर कुणी न शिकवता छान जळत होती. तिने त्या चुलीवर केलेले पॅनकेक एकसारखे सोनेरी, एकही कड करपलेली नाही. मी खाल्ले. पण करपलेल्या कडेशिवाय तो पदार्थ मला पॅनकेक वाटत नाही, आणि याला जबाबदार तुमचा भाऊ आहे.

आता मुख्य भाग. एका सकाळी, दव अजून गवतावर पांढरं असताना, मी डोंगराच्या दांडावर जाऊन हाळी दिली. घुमारा, शीळ, तीन हुंदके, सगळं टेपप्रमाणे. आणि पलीकडच्या दांडावरून उत्तर आलं. काका, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. आवाज म्हातारा, खरखरीत, चिडका. मोठा नर, शंका नाही. मी जास्त चिडून हाक दिली. तो त्याहून चिडला. मी फांदीने बुंधा खसाखसा घासला (नर शिंगं घासतो तसा). त्यानेही घासलं. दोघं दरीत उतरू लागलो. मधे ओढा, मग पडलेली झाडं, मी पोटावर सरपटतोय, वारा माझ्या तोंडावर, सारं पुस्तकाप्रमाणे. इतका जवळ आलो की त्याचा श्वास ऐकू येई, आणि तो श्वास मला जरा दम्याचा वाटला. बंदूक खांद्याला लावली, बोट मात्र चापाबाहेर. कारण तुम्ही दोघांनी शिकवलंय की आख्खं जनावर दिसल्याशिवाय बोट आत न्यायचं नाही. झुडूप हललं. त्यातून नारिंगी रंग दिसला.

एल्क नारिंगी नसतो. नारिंगी जाकीट घालावं असा तिथे कायदा आहे, पण तो माणसांना.

बंदूक मी जमिनीवर ठेवली. झुडुपातूनही एक बंदूक खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मागोमाग माझ्याएवढाच एक माणूस गुडघ्यांवर बाहेर आला, गळ्यात माझ्यासारखीच नळी.

"तुम्हाला काय सांगितलं होतं टकने?" त्याने विचारलं.

"मी आणि देव."

"मलाही तेच." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही देव तर दिसत नाही."

त्याचं नाव वेंडेल स्टाउफर, पेनसिल्व्हानियाचा. टकचा दुसरा तळ दांडापलीकडे आहे आणि तिथे हा उतरलेला. चर्चच्या गायकवृंदात गातो, त्यामुळे मी साहजिकच त्याला माझ्या हाळीबद्दल अभिप्राय विचारला. म्हणाला, "राग मानू नका. तुमची शीळ वर जाताना अशी काही बेसूर होत होती की म्हटलं, एवढं बेसूर माणूस मुद्दाम होऊच शकत नाही. खरंच जनावर असणार." मी हे प्रशस्तिपत्र समजतो. (त्याचा दमा खरा आहे. एल्कचा आवाज समजून मी मनात त्याची वाहवा केली होती, ती मागे घेतली नाही.)

मग आम्ही एका पडलेल्या खोडावर बसलो आणि डबे उघडले. तो विचारतो, घरी हरणांसाठी कुठे बसता? आणि काका, मी सुरू झालो. डांबरी कागदाची झोपडी, रॉकेलचा वास, तुम्ही दर तासाला उठून बाहेरचं तापमान मोठ्याने वाचणं, बाबांचं त्यावर "थंडी आहे हे झोपेतही कळतंय, ऑर्विल," भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली शर्टांची शेपटं. तो मधेच थांबवून म्हणाला, "तुमच्याकडेही कापतात?" त्यांच्याकडेही, नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर, नावासकट. त्याची झोपडी त्याच्या भावांनी विकली. तिथे आता कुणाचं तरी गोदाम आहे. भिंतीवरच्या चिंध्या नव्या मालकाने जाळल्या, असं तो म्हणाला आणि बराच वेळ सँडविचचा कागद घडी करत बसला. मग त्याने आपल्या आजोबांच्या घोरण्याची नक्कल केली, आणि मी बाबांच्या. त्याचं गाणं चांगलं असेल, पण घोरण्यात मी वरचढ आहे.

एवढ्यात वरच्या वाटेवर जोलीन दिसली, खेचर घेऊन उभी.

"गेला का तो?" तिने विचारलं.

"कोण?"

"अहो, तुमच्या मागे उभा होता तो. ही एवढी शिंगं. मी आले तेव्हापासून तुमचं ऐकत होता. मला वाटलं, तुम्ही त्याला मुद्दाम गोष्टीत गुंतवलंय, म्हणून मी गप्प."

मागे जाऊन पाहिलं. ओल्या मातीत ताटलीएवढे खुरांचे ठसे, इतके ताजे की त्यांत पाणी अजून झिरपत होतं. दोघांनी टोप्या काढल्या.

आता प्रश्न नियमाचा. वेंडेलच्या मते गोळी सुटलीच नाही तर नेम चुकला असं म्हणता येत नाही. मी त्याला आपल्याकडचा निवाडा सांगितला, की बडबडीत जनावर निसटलं तर ते चुकलेल्या नेमाहून वाईट, कारण त्यात काडतूससुद्धा वापरलं गेलेलं नसतं. हा निवाडा बाबांनी तुमच्याविरुद्ध दिला होता आणि तुम्ही तो आजतागायत मानलेला नाही, हेही सांगितलं. त्याने विचार केला आणि पाठ वळवली. मी त्याचा शर्ट कापला, त्याने माझा. (चांगला लोकरी शर्ट होता, मार्सीला अजून दाखवलेला नाही.)

जोलीनने हे सारं पाहिलं. "विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हानिया," ती सावकाश म्हणाली, "मी इथे पुष्कळ माणसं आणली. चिडलेली पाहिली, रडलेली पाहिली. एल्क गेल्यावर एकमेकांचे कपडे कापून हसणारी नव्हती पाहिली." आणि खेचराला म्हणाली, "चल बाई, आपण शहाण्यांनी पुढे व्हावं."

उरलेले दिवस मी डोंगरात पुष्कळ पायपीट केली आणि एकही एल्क पाहिला नाही. पण खरं सांगू का, त्या खोडावर बसलो होतो तेवढी एक दुपार सोडली तर मला सबंध मोंटानात कुठेही शिकारीला आल्यासारखं वाटलं नाही. आणि त्या दुपारी आम्ही दोघंही मनाने मोंटानात नव्हतो.

काकूंना नमस्कार. ड्यूकच्या कानामागे खाजवा, डावीकडच्या.

तुमचा पुतण्या
लाईल

ता. क. सोबतच्या पुड्यातले एल्कचे सॉसेज चवीला उत्तम आहेत. ते मी विमानतळावर विकत घेतले.

ता. क. २. वेंडेलला शीप्सहेड येत नाही, पण तो म्हणतो शिकेन. त्याने विस्कॉन्सिनचा हरणाचा परवाना काढला आहे. हंगामाच्या आदल्या गुरुवारी तो माझ्याकडे पोचेल. तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही हे मी त्याला सांगितलेलं नाही. तेव्हा कुलपाची किल्ली पाठवा, किंवा त्यापेक्षा घेऊनच या. गाडी मी चालवीन, तापमान तुम्ही वाचा.

ता. क. ३. त्याला शेगडीजवळचा खालचा पलंग द्यावा लागेल, दम्यामुळे. तो बाबांचा, हे मला ठाऊक आहे. पलंगाखाली त्यांचे बूट अजून तसेच आहेत. ते उचलायचं माझ्याच्याने होणार नाही, आणि परक्या माणसाला सांगावंसं वाटत नाही. तुम्ही त्यांचे भाऊ. आलात तर तेवढं तुम्ही करा. तुमच्याच्यानेही झालं नाही तर राहू देत तिथेच. वेंडेलला सांगू, तुझे तू दाराशी काढ.