अर्ध्या बोटाचे घोडे आणि तीन महिने

ब्रह्मा घाट, वाराणसी
कार्तिक शुद्ध द्वादशी

तीर्थस्वरूप शरदिनी मावशीस,

काशीहून रत्नाकरचा साष्टांग नमस्कार. (जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून लिहितोय, तेव्हा आठांपैकी तीन-चार अंगं सध्या उधार समज.) तुझे गुडघे कसे आहेत? रत्नागिरीच्या दमट हवेत ते कुरकुरतात असं आई म्हणाली होती, पण तेही श्रावणात. त्यानंतर मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. आता आधी कबुली. तू दर महिन्याला एक पत्र मागितलं होतंस आणि मी देवासमोर हो म्हटलं होतं. हे तिसऱ्या महिन्यातलं पहिलं पत्र आहे. पहिलं मी भाद्रपदात लिहायला घेतलं, पण ‘तीर्थस्वरूप’ लिहून झालं आणि गंगेचं पाणी बारावी पायरी चढलं अशी हाकाटी झाली, ते बघायला धावलो. दुसरं घ्यायच्या आधी मोबाइल मिठाच्या पाण्याच्या बादलीत पडला. (मोबाइलचा आणि पत्राचा काय संबंध, असं तू म्हणशील. तुझा पत्ता त्यात होता. आता इथे घरी प्रमोदिनीकाकूंच्या जुन्या वहीतून काढला.)

तुला आठवत असेलच, पण प्रकरण पंचांपुढे आहे म्हणून पुन्हा मांडतो. बाबांनी नारळी पौर्णिमेला तुझ्यासमोर फोनवर अट घातली: रत्नाकरनं त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे बरोबर तीन महिने, एका गावात एकच काम धरून राहून दाखवायचं. राहिला तर त्याचं तो ठरवील. नाही राहिला तर मुकाट्यानं नागपूरला येऊन श्रीनिवासदादाच्या सायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानात बसायचं. (मला सायकलबद्दल आकस नाही, पण सुट्या भागांच्या सायकलीवर बसून जाता येत नाही, नुसतं तिच्याकडे बघत बसावं लागतं.) साक्षीदार म्हणून तुझं नाव निघालं, कारण बाबा फक्त तुझ्यावर विश्वास ठेवतात. तर मावशी, आज द्वादशी. पौर्णिमेला तीन दिवस उरलेत आणि मी इथेच आहे. तेही कुणामुळे, तर घोड्यांमुळे.

घोडे म्हणजे समुद्रातले. मासाच तो, पण तोंड घोड्याचं, शेपूट माकडाचं आणि उभं राहणं आपल्या ढुंढिराजकाकांसारखं, छाती पुढे काढून. त्यातही हे बुटके, पुरा वाढलेला तुझ्या करंगळीच्या अर्धा. भोसले घाटाजवळ मृणालिनीबाई राहतात, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांच्याकडे मी पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. (पंखा अजून तसाच आहे.) त्यांच्या खिडकीत हे घोडे शेवाळाच्या काडीला शेपट्या गुंडाळून डुलत होते आणि मी हातातला पेचकस खाली ठेवला. तू कोकणातली, म्हणून आधीच सांगतो: हे तुमच्या किनाऱ्यावरचे नव्हेत, आपल्याकडचे धरणं-पाळणं गुन्हा आहे. हे परदेशी जातीचे, टाकीतच जन्मलेले, त्यांचे सगळे कागद बाईंच्या फायलीत आहेत. बाई मुलीकडे जाणार होत्या सहा महिने, आणि चार घोडे सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा होता. मी म्हटलं, मी आहे. बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “आधी सहा आठवडे नुसतं पाणी सांभाळून दाखव.”

आणि ते खरंच तसंच असतं. टाकी आणायची (माझी दोन बादल्यांएवढी), तळाला वाळू, समुद्राचं विकतचं मीठ विरघळवून पाणी, एका नळीतून हळू बुडबुडे, आणि मग वाट बघायची. पाण्यात न दिसणारे जंतू तयार होतात, घाण खाणारे, ते झाल्याशिवाय घोडा टाकायचा नाही. मी जिन्याखालच्या कोनाड्यात टाकी मांडली आणि सगळा ब्रह्मा घाट रिकामं पाणी बघायला लोटला. गोपीनाथ दूधवाला रोज चरवी खाली ठेवून डोकवायचा. “गुरु, एम्मे का हौ?” पानी, मी म्हणायचो. “अउर?” बस, पानी. “अरे त गंगाजी में कमी रहल का?” घोडे आल्यावर त्यानं चष्मा मागून घेतला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ई घोड़ा हौ कि मच्छर?”

ढुंढिराजकाकांचं काय विचारतेस. घरात वेदांची संथा चालते, तिथे मासे आणले म्हणून आठ दिवस बोलले नाहीत. मग एक दिवस बोलले ते आमटीमुळे. मी मोजून ठेवलेलं समुद्री मीठ स्वयंपाकघरात राहिलं, प्रमोदिनीकाकूंना वाटलं कुणी डबा भरून ठेवला, आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याच्या आमटीत ते पडलं. आदल्या दिवसाचा कडकडीत उपास. काकांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि अगदी शांतपणे काकूंना विचारलं, “द्वारका बुडाली ती यातच का?” तिथून आमचं बोलणं सुरू झालं. आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः टाकी दाखवतात. मत्स्यावतार आणि हयग्रीव एकाच देहात, म्हणतात, विष्णूनं काटकसर केली. तांब्याचं अभिषेकपात्र टाकीवर टांगून गंगेची धार धरावी असंही मनात होतं, पण तांबं या पाण्यात विष असतं, हे मी त्यांना (बाईंच्या शब्दांत) बजावलं आणि सगळ्या घराला ताकीद दिली: माझ्या समुद्रात गंगाजलाचा थेंब पडता कामा नये.

घटस्थापनेला घोडे आले. तेव्हापासून मी बांधला गेलोय, मावशी. घोडा म्हणजे कुठेतरी जायचं जनावर, पण हे घोडे माणसाला खुंटीला बांधतात. त्यांना जठर म्हणून नसतंच. एकीकडून खाल्लं की दुसरीकडून निघालं, म्हणून दिवसातून तीनदा जिवंत खाणं लागतं. ते म्हणजे मिठागरातल्या किड्यांची अंडी, धुळीसारखी. उलट्या बाटलीत खाऱ्या पाण्यात हवा सोडून उबवायची, दुसऱ्या दिवशी नारिंगी ठिपके पोहायला लागतात, ते गाळून द्यायचे. आज अंडी घातली नाहीत तर उद्या उपास. म्हणून मी रोज आज आणि उद्या दोन्ही दिवस इथेच असतो. बिजली गेली तर बॅटरीचा पंप, ऊन चढलं तर बर्फाची बाटली, खारटपणा बघायला काटा, आणि तो काटा, मावशी, दीड महिना हिरव्या पट्ट्यातून केसभर सरकलेला नाही. बाईंना गोपीनाथच्या फोनवरून कळवलं तर म्हणाल्या, माझ्या विद्यार्थ्यांनाही हे जमलं नव्हतं. मी काही फार करत नाही. पाणी कमी झालं की वर तेवढं घालतो. समुद्राचं पाणी आटलं तर समुद्राचंच घालायचं, हा साधा विचार आहे, शिकलेल्या लोकांना सुचत नाही एवढंच. चारांपैकी एकाचं पोट सुटलंय, हा माझ्या खुराकाचा परिणाम. तर तू बाबांना खुशाल कळव की रत्नाकर तीन महिने एका जागी राहिला आणि त्यानं काशीत समुद्र चालवून दाखवला.

काका-काकूंचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना माझा स्वतंत्र नमस्कार.

तुझा,
रत्नाकर

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. बाबा पुरावा मागतील. तेव्हा तू म्हण की दर महिन्याचं पत्र वेळेवर आलं. तीन पत्रं आली, त्यातली दोन उंदरांनी खाल्ली. तुझ्याकडे उंदीर आहेत हे बाबांना माहीत आहे.

ता. क. २. वर ‘हललो नाही’ असं लिहायच्या बेतात होतो, पण लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आश्विनात हवेची नळी फाटली म्हणून नावेनं रामनगरला गेलो, तासाभराचं काम. तिथे रामलीला चालू होती. लीला तिथे एका जागी होत नाही, प्रसंग बदलला की सगळं गाव उठून पुढच्या जागी चालू लागतं, आणि चालू लागलेल्या लोकांच्या मागे न जाणं मला जन्मात जमलेलं नाही. त्यातून त्या संध्याकाळी सेतू बांधायचा होता. समुद्र ओलांडायचा प्रसंग, मी समुद्राचा अभ्यासक, निघून कसा येणार? मग लंका. मग आता रावण मरेपर्यंत थांबू म्हटलं. तीन दिवसांनी घरी आलो, नळी न घेता.

(रामनगर समोरच्या काठावर आहे, आमच्या गच्चीवरून दिसतं. दिसणाऱ्या जागेला गाव सोडणं म्हणतात का, हा मुद्दा पंचांनी बघावा.)

ता. क. ३. घोडे जिवंत होते. काकूंनी नळीला चिंधी बांधली होती, अंडी उबवली होती, रोज तीन वेळा गाळून घातली होती. आणि तेव्हाच मला कळलं की त्या पहिल्या आठवड्यापासून रोज पहाटे माझ्या टाकीतलं एक भांडं पाणी काढून एक भांडं साधं पाणी घालत आल्यात. मी ओरडलो, गंगाजल घातलंत? त्या म्हणाल्या, “वेडा आहेस का? गंगा तरायला असते, राहायला नाही. फिल्टरचं घालते.” का म्हणून विचारलं तर कणीक मळता मळता म्हणाल्या, “आमटी आटली की खारट होते. तेव्हा तू तिच्यात आणखी मीठ घालतोस का रे?” पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मी रोज खारट घालत होतो आणि काटा हिरव्यात होता तो काकूंच्या त्या रोजच्या भांड्यामुळे. आणि ज्याचं पोट सुटलंय तो नर आहे. या जातीत नर पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवतो. काकू चार दिवसांपूर्वीच म्हणाल्या होत्या, याचे दिवस भरलेत, म्हणून. मी हसलो होतो.

ता. क. ४. पाकीट चिकटवणार तेवढ्यात खाली कडी वाजली. मला वाटलं गोपीनाथ. बाबा आहेत. मोबाइल लागेना म्हणून मी पुन्हा पळालो असं समजून रात्रभर गाडीत बसून आलेत, एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. (काठी कुणासाठी हे विचारलं नाही.) मला जिन्यावर बसलेला बघून त्यांना जरा वाईट वाटलं असावं, तयारी करून आले होते. “तीन महिने?” एवढंच विचारलं. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. काकू माझ्या बाजूनं खोटं बोलायला तयार होत्या, ते त्या शांततेवरून कळत होतं. मी म्हटलं, तीन दिवस वजा.

मावशी, उंदरांचं रद्द कर. एकच पत्र आलं म्हणून सांग.

बाबा कोनाड्याशी वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. आणि त्या क्षणी, देवाशपथ, त्या घोड्यानं शेपटी काडीला घट्ट आवळली, कमरेत मुरडला, आणि पोटाच्या पिशवीतून जिऱ्याएवढा घोडा बाहेर पडून सरळ उभा पोहायला लागला. मग दुसरा. बाबा चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेत आले, अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर चालायला लागला. “अकरा,” म्हणाले. मग, “थांब, एक त्या पानामागे लपलाय. बारा.” मग, माझ्याकडे न बघता, “हा बाप ना रे?”

मी हो म्हटलं.

“यांना उद्या काय घालणार?”

मी म्हटलं, आत्ता अंडी उबवायला घालायची वेळ झालीये, उशीर केला तर उद्या उपास. बाबा म्हणाले, पौर्णिमेनंतर तीन दिवस आणखी भरून दे, मग बोलू. आणि मावशी, त्यांनी आत्ता काठी कोपऱ्यात ठेवली, कोट काढला आणि जिन्याच्या खुंटीला अडकवला आहे.