नाक की बादली

२ मार्च, सकाळी ६
या दोन हातांनी केलेल्या वस्तू : प्लास्टिक दळायचं मशीन (मोटर जुन्या पंपाची), धुण्याची टाकी (पिंप उभं कापून), वाळवणाची जाळी (मोडक्या खाटेची), शेडचं दार. शिवाय नाक. ते हातांनी केलेलं नाही, पण तयार मीच केलं, वीस वर्षं. तुकडा लाइटरवर पेटवायचा, विझवायचा, हुंगायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथिन. झोंबला तर पीव्हीसी, तो बाहेर. तो चुकून आत गेला की अख्खा लॉट बाद. असं नाक गल्लीत दुसरं नाही.

काल ट्रेनिंग सेंटरच्या बाई आल्या होत्या. कामगारांना भंगार प्लास्टिकची निवडणी शिकवायला आमच्यातलाच एक मास्तर नेमणार. पंधराला परीक्षा. म्हणजे मी नेमल्यातच जमा.

३ मार्च
बाई मास्क देऊन गेल्या. मास्क लावून हुंगायचं कसं? खिळ्याला टांगला. बायकोने काढून स्वतः लावला. म्हणाली, तुमच्या मिश्यांना अडचण होते, मला मिश्या नाहीत.
संकल्प : रोज एक तास भाषणाची तयारी.

६ मार्च, दुपार
दूध करपलं. मी शेगडीशेजारीच भाषण लिहीत होतो. बायको शेडमधून धावत आली. शेडपर्यंत वास आला, तुमच्या नाकाला आज सुट्टी आहे का, म्हणाली. एकाग्र माणसाला असले किरकोळ वास येत नाहीत, असं समजावलं. भांडं मात्र मला घासावं लागलं.

८ मार्च
मेहुण्याने मशीनच्या तोंडावर पत्र्याचं झाकण बसवलं, हात आत जाऊ नये म्हणून. मला न विचारता. काढ म्हणालो. तर म्हणतो, दाजी, मशीन तुमचं, पण बोटं माझी आहेत.
झाकण राहू दिलं. तात्पुरतं.

१० मार्च
सराव. पंचवीस तुकडे हुंगले, एकही झोंबला नाही. माल उत्तम आलाय.
संध्याकाळी बायको मी निवडलेलं पोतं पाण्याच्या बादलीत ओतताना सापडली. पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी बुडतं, म्हणे. हे कधीपासून, विचारलं. मागच्या उन्हाळ्यापासून. व्यापाऱ्याकडून परत येणारे लॉट आपोआप थांबले असं वाटलं का तुम्हाला, म्हणाली.
मला वाटलं होतं, व्यापारी सुधारला.
बादली म्हणजे कला नव्हे. ती कोणालाही येते. हा मुद्दा भाषणात घ्यायचा.

१२ मार्च
बायकोच्या हट्टापायी डॉक्टरकडे. त्याने नाकाखाली बाटली धरली. पाणी, म्हणालो. लवंगेचं तेल होतं म्हणे. जुनं असणार. धुराने नाक गेलं, परत येईलच असं नाही, म्हणतो. कॉलेजात शिकलेला माणूस, त्याला अनुभव कुठला.
येताना बायकोने एक नवी बादली विकत घेतली. हे बरं लक्षण नव्हे.

१५ मार्च
परीक्षा. वीस तुकडे. मी लाइटर काढला तशा बाईंनी खिडक्या उघडल्या. वाऱ्याने वास पांगला. तरी बेधडक सांगितलं, वीसही पॉलिथिन. आठ पीव्हीसी निघाले. बारा बरोबर आले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.
मग बायकोने बादली आणली. वीसपैकी वीस. बाईंनी विचारलं, कुठे शिकलात. ती म्हणाली, भंगारातलं सगळं यांनीच शिकवलं, बादली तेवढी माझी.
बाईंनी पहिला भाग लिहून घेतला की नाही, दिसलं नाही.

१८ मार्च
सेंटरचं पत्र आलं. मास्तर म्हणून बायकोची नेमणूक. मेहुणा तेव्हापासून तिला ताई सोडून मॅडम म्हणतो.
माझ्यासाठी वेगळी ऑफर होती. तिच्या वर्गात विद्यार्थी म्हणून तीन दिवस बसायचं, भत्ता दिवसाला साडेतीनशे. ठाम नकार कळवला. मग सहज हिशेब केला : एकूण एक हजार पन्नास.