भिंतीला लावलेली तीट

पडेगाव,
२४ जानेवारी १९९४

तीर्थरूप त्रिंबकदाजींच्या पायाशी मुंजाबाचा नमस्कार पोहोचावा. आमच्याकडं सगळी खुशाली आहे असं लिहायची रीत म्हणून लिहितो, पण तसं काही नाही, खरी हकीकत खाली येईल. तुमचा गुडघा कसा आहे? आक्काच्या डोळ्याचं पाणी थांबलं का? (तिनं चुलीपाशी बसू नये. मी म्हणालो असं सांगू नका, मग मुद्दाम बसेल.) तिळगूळ पोहोचला, गोड होता, दोन लाडू फुटले नाहीत ते चहात भिजवून खाल्ले. निजामाच्या शाळेत माझ्या चार यत्ता उर्दूत झाल्या, तेव्हा काना-मात्रा सांभाळून घ्या.

आमची नात आशा चिकलठाण्याला एका कंपनीत लागली हे तुम्हाला ठाऊक आहे. ती तिथं काय करते हे मागच्या भेटीत मला सांगता आलं नाही, कारण मलाच कळलं नव्हतं. आता कळलं आहे आणि झोप गेली आहे. पोरं बटणं दाबून व्हिडिओ गेम खेळतात ना, त्यात एक शिपाई गडावर, गल्लीबोळात पळत असतो. तो पळणार म्हणजे बाजूला भिंत लागणार. अख्ख्या गडाची भिंत कोण काढत बसणार? म्हणून आशा वीतभर भिंतीचं चित्र तयार करते आणि कॉम्प्युटर तेच चित्र शेजारी शेजारी, वर-खाली, शेकडो वेळा लावत जातो. अट एकच, सांधा दिसता कामा नये. म्हणजे चित्राची उजवी कड डाव्या कडेला जुळली पाहिजे आणि वरची खालच्या कडेला. मला हे दोन दिवस पटलं नाही. उजवी कड डावीला जुळते ती भिंत कसली, तो तर रांजण झाला. मग तिनं चित्राचा कागद माझ्यापुढं गुंडाळून कडेला कड लावून दाखवली. मी चष्मा लावून, मग काढून, शेवटी बोटानं चाचपत सांधा शोधला. सापडला नाही. उभ्या हयातीत मी घोंगड्यांच्या पट्ट्या जोडल्या, पण असा जोड मला जमला नाही. (हे तिला सांगितलं नाही, चढून जाते.)

बद्रीनाथ म्हणून तिचे साहेब आहेत. त्यांनी तीन महिने काम बघून मग कायम करायचं कबूल केलं, ती मुदत या महिनाअखेर संपते. आणि कायम नाही झाली तर चैत्रात स्थळं बघायची, मग मी काही बोलणार नाही, असं पोरीनं आईला कबूल केलं आहे. पोरगी दोन बस बदलून जाते, पण घरी येते ती हसत येते. तेव्हा या भिंतीवर किती भार होता ते ध्यानात घ्या.

चित्र फोटोवरून करायचं असतं, त्यासाठी भिंत तिनं आपलीच निवडली, मेंढरांच्या पडवीची मागची. सुनेकडून ताजी लिंपून घेतली. फोटोत ऊन नको, सावली नको, खडा नको, काडी नको, कारण एक काडी राहिली तर ती शेकडो वेळा दिसणार. ऊन अडवायला तिनं मला धोतर आडवं धरून उभं केलं. (दुसरं धोतर. अंगावरचं अंगावरच होतं, गल्लीत वेगळं सांगतात.) हात वर करून अर्धा तास उभा होतो, तेवढ्यात एका कोकरानं सोगा चघळून ओला केला. त्यातच शेजारची द्वारकाबाई आली आणि म्हणाली, "अगं बाई, भिंत हाय का लोणी? अशी भिंत आख्ख्या पडेगावात नाय." दाजी, तुम्हाला त्या बाईची नजर ठाऊक आहे. मागं तिनं आमच्या दुभत्या शेळीला चांगलं म्हटलं आणि शेळी सांजेपर्यंत आटली. मला धडकी भरली. आशा कॅमेऱ्यात रोल घालायला घरात गेली, तेवढ्यात मी तव्याची काजळी बोटावर घेतली आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात तीट लावली. तिळाएवढी. (बरं, हरभऱ्याएवढी.)

एकटं चित्र बघितलं तर तो ठिपका मातीतल्या खड्यासारखा वाटतो, म्हणून पोरीच्याही नजरेतून सुटला. चित्र शेजारी शेजारी लावून बघायचं असतं, तेही राहिलं, कारण संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर व्हायचं होतं. शहरभर बंदोबस्त, बस कधी सुटेल भरवसा नाही. साहेबांनी कंपनी तीन दिवस बंद ठेवली आणि आदल्या सांजेला घाईघाईत चित्राची फ्लॉपी मुंबईच्या पार्टीला रवाना झाली. (नंतर आशाशेजारी बसणारा कचरू घरी पेढे घेऊन आला. त्याचा बाप सोळा वर्षांपूर्वी या नावासाठी लाठ्या खाऊन आला होता, पेढे वाटायला आता तो राहिला नाही. मी दोन घेतले, एक आक्काच्या नावाचा.)

मंगळवारी मुंबईचा फोन आला की भिंतीला काळे डाग आहेत, माल परत करतो. गुरुवारी मी कबुली द्यायला चिकलठाण्याला निघालो. वाटेत पोलिसानं पिशवी उघडायला लावली. त्यालाच सगळं सांगून मोकळं व्हावं असं वाटलं, पण भाकरी-ठेचा बघून तो "जा बाबा" म्हणाला. कंपनीत पायतणं बाहेर काढायची, आत देवळासारखा गारवा. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "बघा बाबा, एवढं सुरेख काम, आणि त्यात हे काय आलं तेच कळंना." पडद्यावर शिपाई पळत होता आणि माझी तीट त्याच्याबरोबर पळत होती. भिंतीवर तीट, बुरुजावर तीट, दर दोन पावलांवर तीट. मोजायला गेलो तर एकशेचाळीसला शिपाई मेला. त्या गडाला आता सात पिढ्या नजर लागायची नाही. आशा मान खाली घालून बसली होती. कबुली माझ्या तोंडात आली होती. तिच्यावर मी चहा प्यालो आणि घरी आलो.

असो. पेनातली शाई सरत आली, थांबतो. आक्काला दंडवत, लेकरांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
मुंजाबा

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलंच. मंगळवारी आशानं घरात सगळ्यांना विचारलं, भिंतीला हात कुणी लावला? सून नाही म्हणाली. मग पोरीनं माझ्याकडं बघितलं. फोटोच्या दिवशी तुम्ही बाजाराला जाताना आमच्याकडं टेकला होता. माझ्या तोंडून निघून गेलं की दाजींनी भिंतीला बिडी विझवली असंल. रविवारी ती तुमच्याकडं येणार आहे, तेव्हा तेवढं व्हय म्हणा. तुम्हाला ती काही बोलणार नाही, तुम्ही मानाचे.

ता. क. दुसरी. तुम्ही बिडी ओढत नाही हे मला ठाऊक आहे. रविवारपुरती एक कानावर ठेवा.

ता. क. तिसरी. आक्काला यातलं काही कळू देऊ नका. पत्र टपालात टाकायला आशाकडंच देतो आहे, पण काळजी नसावी, पाकीट खळ लावून पक्कं केलं आहे.

फुलंब्रीच्या आजोबांना आशाचा नमस्कार. खळ ओली होती. तो ठिपका पडद्यावर मोठा करून बघितला तर त्यात बोटाच्या रेघा दिसतात. बिडीला रेघा नसतात, हे मला मंगळवारीच कळलं. शेजारची माती घेऊन ठिपका झाकला, दहा मिनिटांचं काम. नवी फ्लॉपी शुक्रवारी गेली, आज मुंबईहून पसंतीचा फोन आला आणि एक तारखेपासून मी कायम आहे. घरी अजून सांगितलं नाही. मंगळवारपासून मला कितीही उशीर झाला तरी आबा एक शब्द बोलत नाहीत, आणि आईनं स्थळाचं काढलं की तिलाच गप्प करतात. तेव्हा आजोबा, बिडी तुमचीच म्हणा, निदान चैत्र सरेपर्यंत.