तुझा पाय आधी बरा झाला

करमाड,
११ डिसेंबर २०२४

प्रिय रत्ना,

सप्रेम जयभीम. इथं आम्ही बरे आहोत. आईनं तुझ्यासाठी तुरीच्या शेंगा तोडून ठेवल्यात. फोनवर बोलताना ती शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहायला घेतलं.

एकाच गाडीवरून पडलो, दोघांचीही नडगी मोडली. तुझं प्लास्टर निघालं, तू वाळूजला कामावर जायलाबी लागलीस. माझ्या पायात रॉड, अन् मी खाटेवर. डॉक्टर म्हणतात, "धीर धरा, हाड त्याच्या वेळेनं जुळतं." तुझं कसं लवकर जुळलं, ते कुणी सांगत नाय. गाडी मी चालवत होतो, म्हणजे मला राग यायला जागाच नाय. तरी येतो.

दिवाळीनंतर तू आलीस, तेव्हा मी खिडकीत बसलो होतो. रिक्षातून उतरून तू झपाझप आलीस, हातात जड पिशवी. फाटकापाशी जरा थांबलीस अन् तिथून लंगडत आत आलीस.

मी विचारलं, "दुखतंय का?"

"लई दुखतंय अजून," तू म्हणालीस.

माझ्यासाठी केलंस, कळतं मला. पण तेच सोसलं नाय. तू गेल्यावर कुबड्या बाजूला टाकल्या अन् पाय टेकवून उभा राहिलो. फाटकापर्यंत जायचं होतं. उंबऱ्यातच कोसळलो. न्हाणीत घसरलो, असं मी आईला तुला सांगायला लावलं. दुसरं ऑपरेशन त्यामुळं झालं, रत्ना. तू रजा टाकून दवाखान्यात माझ्या उशाशी बसलीस, अन् मी तुझ्या पायांकडंच बघत होतो.

आता पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची. बघीन, पण इथं नाय. पुंडलिकनगरच्या आपल्या खोलीचा जिना चढता येत नाय म्हणून आईकडं राहिलो, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तू रोज सकाळी कामावर निघालेलं मला बघवलं नसतं.

रविवारी शेजारच्या इंद्रजीतला घेऊन ये. तो अन् त्याचा भाऊ मला खुर्चीत बसवून वर नेतील. बघणाऱ्यांनी बघावं. पोटातली जळजळ लगेच जाईल, असं मी म्हणत नाय. पण ती इथं लपवून ठेवण्यापेक्षा तुझ्यासमोर असलेली बरी. कधी तिरकं बोललो, तर तूबी ऐकून घेऊ नको.

तुझाच, अन् तुझ्यावरच जळणारा,
अभय