शिंपीकाकांनी नेलेलं चित्र

प्रिय आई,

तुला मनातूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही जवळजवळ गेला. बाबांचा गुडघा कसा आहे?

बाजारात चित्रं मांडते, पण कुणी थांबत नव्हतं. परवा एक म्हातारे शिंपीकाका थांबले. तू पाठमोरी बसून केस वाळवतेस, त्या चित्रापुढे. म्हणाले, "ही तर आमची ही! जाऊन वर्ष झालं, पण पाठ विसरेन का?"

ती तू आहेस, हे सांगायला माझी जीभ रेटेना. चित्र त्यांना देऊन टाकलं. मग ते माझ्याच स्टुलावर बसून बाजार उठेपर्यंत तिच्याबद्दल बोलत राहिले. मीही बोलले. इथे आल्यापासून इतकं कुणाशीच बोलले नव्हते गं.

तर आता तू एका परक्या घरात, दुसऱ्याच कुणाची बायको होऊन भिंतीवर आहेस. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझी,
धाकटी