कापूस न आलेलं वर्ष

बाबा, आज मिरचीची फोडणी देताना मी सवयीनं आधी मागचं दार उघडलं. घरात खोकणारं आता कोणी नाही, तरी हात तिकडेच जातो.

दिग्रसच्या जिनिंगमध्ये तुम्ही सरकी काढणाऱ्या यंत्रावर होतात. आठवड्याची सुट्टी संपवून गेलात की पहिल्याच संध्याकाळी छाती आवळायची, मग दोन-तीन दिवसांत मोकळी व्हायची. त्यावरून तुम्ही शोध लावलात की कापूस तुम्हाला मानवतो, बाधते ती सुट्टी. आईनं घरी बसा म्हटलं की म्हणायचात, "घरी बसलो का छाती भरते माही. कामानंच मोकळी होते." मग सुट्टीच्या दिवशीही जाऊ लागलात आणि आम्ही तुमच्या कष्टाळूपणाचं कौतुक करत राहिलो.

पुढे त्रास रोजचाच झाला. उदबत्ती सोसेना, गार वारा सोसेना, फोडणी तर नाहीच. यवतमाळच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. सुट्टीत श्वासनळ्या सावरतात, म्हणून पुन्हा कापसाची धूळ गेली की जोरात आवळतात. नंतर सवय झाल्यासारखं वाटतं, पण आतून त्या हळव्या होत जातात आणि शेवटी त्यांना कशाचंही निमित्त पुरतं. तुम्ही शहाण्यासारखी मान डोलावलीत आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलात. असा राग आला होता मला!

मग ते वर्ष आलं. बोंडं किडली, गाड्या येईनात, जिनिंगला कुलूप लागलं. गावात जो तो डोक्याला हात लावून बसलेला, आणि तुम्ही घरी. काही महिन्यांनी एका दुपारी बघते तर तुम्ही उशांना टेकून नाही, चक्क आडवे झोपलेले आहात. छातीतली शिट्टी बंद आहे. आई दारात उभी राहून हळूच म्हणते, "पाह्य ना, कसे झोपले." फोडणीनं ठसका तेव्हाही लागायचा, पण श्वास तुमचा तुम्हाला पुरत होता.

पुढच्या हंगामात कापूस आला. तुम्ही परत गेलात आणि त्यानंतर फार दिवस काढले नाहीत.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक सांगायचं राहिलंय. जिनिंग बंद होतं त्या उन्हाळ्यात आपण कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय मांगतलं, पोरी?" मी पाऊसपाणी म्हणाले. खोटं होतं ते. सगळा जिल्हा कापसासाठी हात जोडत होता, आणि मी म्हणत होते, देवा, यंदाही येऊ देऊ नकोस.